कराडला पाणी उतरलं

सांगली,
मृगाचा दुसरा दिवस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू बनवलेला पुराचा गेम सलग तीन रात्री खेळलो. पहिल्या डावात माझं गाव बुडालं. दुसऱ्या डावात घाबरून धरणाचे दरवाजे लवकर उघडले, तर खालची तीन गावं गेली. आई पाठीमागे उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "अहो, आधी शाळेतली माणसं हलवा की, दरवाजे काय धरून बसलाय!" म्हणाली. तिचं ऐकलं आणि तिसऱ्या डावात चौथ्या दिवसापर्यंत टिकलो. पावसाचा आवाज तू कुठून घेतलास? पत्र्यावरचा वाटतो. आईनं तो ऐकला आणि उठून परसातले कपडे बघून आली.

फोनवर मी "छान झालाय" एवढंच म्हणालो. तो छानच झालाय. दिवसभर कॉलेज करून, रात्री ते गेम बनवायचं गोडॉट उघडून, कुणी न सांगता एवढं उभं करायचं म्हणजे काय असतं ते मला कळतं. पण माझं बोलणं तेवढ्यावर संपत नव्हतं आणि पुढचं फोनवर जमेना, म्हणून कागद घेतला.

तुझ्या गेममध्ये डाव्या हाताला पाण्याची पट्टी आहे, उजवीकडे न्यूज चॅनेलची चौकट आणि खाली मोबाइलचे मेसेज. पट्टी नेहमी बरोबर असते. चॅनेल नेहमी चूक आणि मेसेज तर हमखास खोटे. हे माझ्या दुसऱ्याच डावात लक्षात आलं. मग मी उजवीकडे बघायचंच सोडलं, पट्टीवर डोळा ठेवला आणि दरवाज्याचं गणित करत बसलो. पुराची भीती तिथंच गेली. खरा पूर असा नसतो गं. तू दहावीत होतीस, तुला आठवत असेल. 2019 च्या त्या आठवड्यात काय खरं आणि काय खोटं हे आपल्यापैकी एकालाही कळत नव्हतं, आणि सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती.

आधी पट्टीचं बोलतो, कारण तो माझा प्रांत आहे. लॉकडाउनमध्ये आपण शेरीनाल्यावर सेन्सर लावला, त्यानं आपल्याला किती वेळा फसवलं ते आठव. ध्वनीची लाट सोडायची, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून अंतर काढायचं. कागदावर किती सोपं! पहिल्या आठवड्यात दुपारी पाणी चढायचं आणि पहाटे उतरायचं. नाला कोरडा ठणठणीत असतानासुद्धा. तू तीन दिवस कोड तपासत बसलीस आणि दोष निघाला हवेत. 20 अंशाला आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, 35 अंशाला 352. चार मीटरच्या अंतरात एवढ्यानं दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. मग तापमानाचा सेन्सर शेजारी बसवला. नंतर जलपर्णी आली. सेन्सर पाण्याऐवजी पानांची उंची सांगायला लागला. पुढे एक दिवस एकदम आकडा आला की पाणी सेन्सरच्या पंचवीस सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे जवळजवळ वरच्या घराच्या गॅलरीत. मी चप्पल न घालता पळत गेलो. कुंभारमाशीनं सेन्सरच्या तोंडावर मातीचं घर बांधलं होतं. तेव्हा तू पाच वाचनं घेऊन, ती क्रमानं लावून, मधलं तेवढं धरायची युक्ती काढलीस. त्या रात्री मी आईला म्हणालो होतो की ही पोरगी इन्स्ट्रुमेंटवाली होणार. तुला कधी सांगितलं नाही.

कारखान्यात मळीच्या टाकीची पातळी आम्ही 4 ते 20 मिलिअँपिअरवर वाचतो. टाकी रिकामी असली तरी वायरमधून 4 येतात, भरली की 20. रिकामीला शून्य का ठेवत नाहीत, असं तू लहानपणी विचारलं होतंस. शून्य हे तार तुटल्याचं लक्षण म्हणून राखून ठेवलेलं असतं. टाकीत काही नाही आणि टाकीची खबरच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकसारख्या दिसल्या तर एखाद्या रात्री मळी उतू जाते आणि माणसं भाजतात. तुझ्या गेममध्ये तिसऱ्या दिवशी वीज जाते, पण पट्टी शेवटचा आकडा तसाच दाखवत राहते, जणू पाणी जागेवर थांबलंय. तुला तो बारीकसा बग वाटेल, पण माझ्या मते गेमचा जीव तिथंच आहे. तो काढू नकोस, उघड कर. आकड्याशेजारी तो कधी घेतला ती वेळ बारीक अक्षरात दे. ज्याला बघायचंय तो बघेल.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो.

आपण गावभागातून विश्रामबागला आत्याकडे जायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. वीज गेलेली, मोबाइलची बॅटरी वाचवत बसलो होतो. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, आयर्विन पुलाला किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका, हे सांगलीच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. 2005 चा पूर बघितलेली माणसं म्हणत होती की त्याच्या वर काही जात नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास मला मेसेज आला, "कराडला पाणी उतरलं. आता वाढणार नाही. निश्चिंत राहा." मी तो वाचला आणि छातीवरचं ओझं उतरलं. तसाच तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला.

समोरचे शिंपीकाका तेव्हा त्यांच्या दोन पोरांना घेऊन मशीन माडीवर चढवायच्या तयारीत होते. चार मशीन, त्यातली एक पिको-फॉलची, आदल्याच वर्षी कर्ज काढून घेतलेली. पाणी पहाटे गल्लीत आलं. मारुती चौक, हरभट रोड, सगळं गेलं. पुढं आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, हे तुला माहीत आहे. आठवड्यानं गाळ काढताना ती मशीन मीच त्यांच्याबरोबर उचलून रस्त्यावर ठेवली. चाकं फिरत नव्हती. तुझा दहावीच्या निरोप समारंभाचा ड्रेस त्यांनी उसन्या मशीनवर शिवला होता.

तो मेसेज खोटा नव्हता, मनू. मी नंतर चौकशी केली. कराडला त्या सकाळी पाणी खरंच थोडं उतरलं होतं. पण ते सकाळचं आणि ते कराडचं. कराड कृष्णेच्या वरच्या अंगाला, तिथलं पाणी इथं पोचायला वेळ लागतो, आणि इथं खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. ती फुगली की कृष्णेला पुढं सरकायला वाव राहत नाही. मी हे सगळं जाणतो. आयुष्यभर पातळ्या मोजण्याचं काम केलेला माणूस मी, एवढंही विचारलं नाही की कधीचं वाचन आणि कुठलं. कारखान्यात माझ्या हाताखालच्या पोरानं असा आकडा आणून दिला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं. त्या रात्री मला तो आकडा हवा होता, म्हणून मी तो घेतला.

तुझा गेम खेळून झाल्यावर काल मी शिंपीकाकांकडे गेलो आणि हे बोललो. सात वर्षं होत आली. ते हातातली कात्री खाली ठेवून म्हणाले, "मला तो मेसेज पाच-सहा जणांकडून आला होता, साहेब. पण तुमचा आला म्हणून मी झोपलो." मग त्यांनी चहा मागवला. मला तो घशाखाली उतरेना.

त्यामुळे मेसेज पाठवणारा तू दाखवलायस तसा काळ्या चेहऱ्याचा, दात काढून हसणारा माणूस असू नये, असं मला वाटतं. तो खेळणाऱ्याचा मामा असू दे, शाळेतली बाई असू दे, गल्लीतला इन्स्ट्रुमेंटवाला असू दे. त्यानं सांगितलेल्या दहातल्या आठ गोष्टी खऱ्या निघू देत. मग नवव्या वेळी खेळणाऱ्याचा हात दरवाज्यावर थांबेल.

चॅनेलबद्दल माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. तुझा राग मला समजतो. आपण आत्याच्या हॉलमध्ये वीसजण दाटीवाटीनं बसलो होतो आणि टीव्हीवर दोन पक्षांचे प्रवक्ते कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून एकमेकांवर ओरडत होते. खाली आपल्याच गल्लीचं चित्र चाललेलं. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. एकजण टीएमसी म्हणत होता, दुसरा क्युसेक, आणि दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं समजून भांडत होते. निवेदकानं एकदाही थांबवून सांगितलं नाही की टीएमसी म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी साठलंय आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट वाहतंय. लाख क्युसेकनं पूर्ण दिवस पाणी सोडलं तर 8.64 टीएमसी जातं. एवढी एक ओळ पडद्यावर टाकली असती तर हॉलमधल्या वीस माणसांना कोयनेच्या 105 टीएमसीचा अंदाज आला असता. तू तेव्हा वहीच्या मागच्या पानावर हा गुणाकार केला होतास. ती वही माझ्याकडे आहे.

अलमट्टीचा वाद तर अजून चालू आहे. धरणातल्या पाण्याची 519.6 मीटरची पातळी 524.256 करायला कृष्णा पाणी तंटा लवादानं 2010 मध्ये मुभा दिली, तेव्हापासून आपल्याकडे दर पावसाळ्यात तो उफाळतो. आपल्या राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 च्या अहवालात 2019 च्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. मुसळधार पाऊस आणि नदीच्या पात्रात घुसलेली बांधकामं यांच्याकडे बोट दाखवलं. गावात कितीतरी जणांना ते पटलं नाही, मलाही पहिल्यांदा वाचताना पटलं नव्हतं. दुसऱ्या राज्यातलं धरण दोषी असलं की आपल्या गल्लीतल्या कुणाला काही विचारावं लागत नाही. पूररेषेच्या आत प्लॉट कुणी पाडले, परवानगी कुणी दिली, हे विचारायला गेलं की ओळखीची नावं निघतात. चॅनेलवर ती चर्चा का होत नाही याचा मी बराच विचार केला. ओरडणारी दोन तोंडं स्टुडिओत फुकट मिळतात. महापालिकेतून नकाशा काढून आणायला माणूस पाठवावा लागतो, त्याला आठवडा लागतो, आणि तोवर लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं.

पण त्याच आठवड्यात एक वार्ताहर पोरगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून कोणत्या गल्लीत किती माणसं माडीवर अडकलीत ते सांगत होता. त्याच्यामुळे बोटी कुठं न्यायच्या ते कळलं. आणि बॅटरी संपल्यावर आत्याच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर आपण आकाशवाणी सांगली लावली होती. तिथं सावकाश, जागेचं नाव घेऊन, वेळ सांगून पातळी वाचत होते. तेव्हा ते ऐकायला कंटाळवाणं वाटलं होतं. तुझ्या गेममध्ये ओरडणारी चौकट ठेव, पण तिच्याच कोपऱ्यात तो पाण्यातला पोरगाही असू दे. आणि एक रेडिओ असू दे, जो लावायला खेळणाऱ्याचा वेळ खर्च होतो.

वेळेवरून आठवलं. पॉलिटेक्निकला असताना आम्ही लॅबमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचो. जॉर्डन मेकनरनं 1989 मध्ये केलेला, आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून, त्याचं चित्रण करून, त्यावरून राजपुत्राची चाल काढलेली. साठ मिनिटांत संपवायचा. त्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि पलीकडून त्याची सावली बाहेर पडते. पुढं शेवटाकडे ती तलवार घेऊन समोर उभी राहते. आम्ही तिच्यावर वार करायचो आणि प्रत्येक वाराला आपलाच जीव कमी व्हायचा. आठवडाभर आम्ही असेच मरत होतो. मग एका मित्राच्या हातून चुकून तलवार म्यान झाली, सावलीनंही केली, आणि दोघं एक झाले. सगळी लॅब ओरडली होती. आज मला त्या माणसाचं आणखी कौतुक वाटतं, कारण त्यानं हे कुठंही लिहून सांगितलं नव्हतं. तुझ्या गेममध्ये शेवटी जी पाटी येते, "अफवांवर विश्वास ठेवू नका", ती काढून टाक. त्याऐवजी खेळणाऱ्यालाच मेसेज पुढं पाठवायचं बटण दे. आणि दोन दिवसांनी त्याला ती गल्ली दाखव.

दरवाजे टक्क्यांत उघडतेस ते क्युसेकमध्ये कर, लोकांना शिकायला आवडतं. गणित अडलं तर मी आहे. धरणाच्या पायथ्यापासून गावापर्यंत पाणी पोचायला लागणारा वेळ तू एकच धरलायस. पात्र भरलेलं असताना आणि नसताना तो वेगळा हवा. याच्यावर बसू आपण, तू आलीस की.

आईनं भडंग आणि शेंगांची चटणी पाठवली आहे, डबा परत आण म्हणते. नाल्यावरच्या सेन्सरचा सेल मी आज बदलला, तोंड पुसलं, कुंभारमाशीचं नवं घर काढलं.

शेरीनाला, आपल्या मोरीजवळ, आज संध्याकाळी 6.40. सेन्सरपासून पाणी 3 मीटर 82 सेंटिमीटर खाली. पाच वाचनांतलं मधलं.

तुझा,
बाबा