मंजुरी कुणाची, कोणत्या टप्प्याची, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात नाशिकच्या ओझर विमानतळाच्या दुसऱ्या धावपट्टीची बातमी पहिल्या पानावर वाचली. मथळ्यात मंजुरी आहे, सिंहस्थाचा उल्लेख आहे, नेत्यांचे फोटो आहेत. मंजुरी दिली कुणी, हे मात्र बातमी पुन्हा पुन्हा वाचूनही कळले नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी विमान कंपनीच्या संचालक मंडळाने दिली, संरक्षण मंत्रालयाने की नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने? ओझरची जमीन आणि धावपट्टी एचएएलची, म्हणजे संरक्षण खात्याच्या अखत्यारीतली. तिथले निर्णय इतर विमानतळांसारखे होत नाहीत, हे आपल्या वार्ताहरांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मग ते वाचकाला का सांगत नाहीत?

मी चिडून लिहितो आहे, त्याला कारण आहे. माझे थोरले मेहुणे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा एक जमीन एजंट त्यांच्या घरी येऊन बसू लागला. विमानतळाजवळच्या जानोरी-मोहाडीच्या बाजूला शेतजमिनीचे गुंठे पाडून विकत होता. त्याच्याकडे मंजूर लेआउट नव्हता, एनएचा, म्हणजे बिगरशेती वापराचा, आदेश नव्हता. होती ती प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट लावलेली वर्तमानपत्रांची कात्रणे. विमानतळाला मंजुरी, कार्गोला मंजुरी, विस्ताराला मंजुरी. मेहुण्यांनी सातबारा मागितला तर त्याने कात्रण पुढे केले. छापून आले म्हणजे खरे, असे मानणारी ती पिढी. फंडाची बरीचशी रक्कम त्यांनी उचलून दिली. हाती काय आले, तर नोटरीचा एक कागद. शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदीमुळे सातबाऱ्यावर नाव लागले नाही, एजंट फोन उचलत नाही, आणि बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्या पैशांवाचून रखडली आहे. ती आम्हाला काही बोलत नाही. जिना चढताना कठड्याला धरून थांबते, ते आम्हाला दिसते.

एजंट लबाड होता, यात वाद नाही. पण लोकांना तो जे दाखवत फिरत होता, ते वर्तमानपत्रांनी छापलेले होते. त्यातली एकही बातमी खोटी नव्हती. प्रत्येक बातमी अर्धी होती, आणि अर्ध्या बातमीवर लोक पैसे लावतात.

नवीन विमानतळाला एक मंजुरी कधीच नसते. केंद्राच्या २००८ च्या धोरणाप्रमाणे आधी जागेची मान्यता, मग तत्त्वतः मान्यता. संरक्षण खात्याची ना हरकत वेगळी, पर्यावरण मंजुरी वेगळी, भूसंपादन वेगळे. सगळे बांधून झाल्यावर शेवटी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) परवाना, आणि तो मिळेपर्यंत प्रवासी विमान उतरू शकत नाही. नवी मुंबईचेच बघा. २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता, २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी, २०१८ मध्ये भूमिपूजन, आणि उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. पहिली बातमी वाचून ज्याने कर्ज काढून प्लॉट घेतला असेल, त्याची मुले एवढ्या काळात शाळेतून नोकरीला लागली. पुण्याजवळच्या पुरंदरच्या नियोजित विमानतळाला तर २०२१ मध्ये संरक्षण खात्याने पर्यायी जागा नाकारली आणि सगळे फिरून मूळ गावांवर आले. तिथल्या शेतकऱ्याने विहीर खणायची की नाही, हे कुणाच्या मथळ्यावरून ठरवायचे?

आता मला सर्वांत खटकणारी गोष्ट. नवीन विमानतळासारख्या प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी असते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते, एका मराठी दैनिकातही. गावकऱ्याला अधिकाऱ्यांसमोर उभे राहून तोंडाने हरकत नोंदवायची ती हक्काची जागा. ही सूचना येते आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या नोटिशींच्या गर्दीत, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत. तिची बातमी करायला कुणी मनाई केलेली नाही. लोकांच्या हातात जे आहे ते बारीक अक्षरात आणि नेत्यांनी जाहीर केलेले ते आठ कॉलमी, हा क्रम आपण उलटा करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ओझरची इमारत २०१४ मध्ये उभी राहिली. उडान योजनेतले मुंबईचे विमान सुरू व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला, आणि ती सेवाही टिकली नाही. दिल्लीची सेवा २०१८ मध्ये आली, पुढच्याच वर्षी ती सेवा देणारी विमान कंपनीच बंद पडली. तीन हजार मीटरची धावपट्टी तेव्हाही होतीच. आता विमाने बऱ्यापैकी सुरू आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. माझा विमानतळाला विरोध नाही. द्राक्षाचा आणि कारखानदारीचा हा जिल्हा, इथे विमान हवेच. दुसरी धावपट्टीही व्हावी.

नाशिक-पुणे रेल्वेच्या बातम्यांतही हेच झाले, म्हणून ओघात लिहितो. सिन्नर तालुक्यात मोजण्या झाल्या, काहींची खरेदीखतेही झाली. मग रेल्वेमुळे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, हे कारण पुढे आले आणि मार्गच बदलला. ती दुर्बीण काही रातोरात उगवलेली नाही, गेली कित्येक वर्षे तिथेच आहे. ज्या दिवशी मार्ग मंजूर म्हणून छापले, त्या दिवशी दुर्बिणीवाल्या संस्थेचे म्हणणे काय आहे, एवढा एक प्रश्न कुणी विचारायला हवा होता.

तेव्हा यापुढे मंजुरीची बातमी छापाल, तिच्याखाली चार ओळींची चौकट द्या. मंजुरी कोणत्या खात्याने दिली, कोणत्या तारखेला, आदेशाचा क्रमांक काय आणि अजून कोणत्या मंजुऱ्या बाकी आहेत. आणि कालच्याच अंकात पाचव्या पानावर 'विमानतळापासून दहा मिनिटांवर' अशी प्लॉटची अर्धे पान जाहिरात आहे, तिच्यात एनए आदेशाचा क्रमांक कुठेच नाही. तो विचारल्याशिवाय अशी जाहिरात घेऊ नये. जाहिरात विभागाला तसे कळवणार का, याचे उत्तर याच सदरात छापावे.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक