दादाचं नाव

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

परवा फोनवर आई म्हणाली की संध्याकाळच्या प्रार्थनेत दादाचं नाव आता घेववत नाही. मागून बाबांचा आवाज आला, "किती वर्षं मागायचं? ऐकायचं असतं तर ऐकलं असतं." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. फोनवर असलं काही सुचतही नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी त्या सभेचं. बाहेरून आलेल्या त्या प्रचारकाने चारचौघांत आईला ऐकवलं, की तुझा विश्वास कमी पडतो म्हणून मुलाची दारू सुटत नाही. आई, हे तू मनाला लावून घेतलं आहेस, ते मला कळतंय. पण प्रेषित पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर त्याला मिळालं. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने तीनदा प्रार्थना केली, दुःखाचा प्याला टळला नाही. आता यांच्यापैकी कोणाचा विश्वास कमी पडला, ते त्या भल्या माणसाने सांगावं! पुन्हा त्या सभेला जाऊ नकोस, आणि तिथे पैसे तर मुळीच पाठवू नकोस.

बाबा, विधवा आणि अन्यायी न्यायाधीश हा लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला दाखला तुम्हीच आम्हाला रविवारच्या शब्बाथशाळेत शिकवलात. ती बाई रोज येऊन न्याय मागते आणि न्यायाधीश शेवटी वैतागून देतो. लहानपणी मला वाटायचं, देवालाही असंच हैराण करायचं असतं. दाखल्याचा रोख मात्र उलटा आहे. ना देवाची भीती, ना माणसाची भीड, असल्या माणसाकडूनही जर न्याय मिळतो, तर रात्रंदिवस हाका मारणाऱ्या आपल्या लोकांना देव टाकून देईल का, असं प्रभू विचारतो. देवाचं मन वळवायला आपण परत परत जात नाही. त्याचं मन आपल्याकडे वळलेलंच आहे, या भरवशावर जातो. शिवाय लूकने सुरुवातीलाच सांगून टाकलंय, की शिष्यांनी खचू नये म्हणून हा दाखला आहे. म्हणजे उशीर होणार, हे प्रभूने धरूनच चाललेलं होतं. ज्याची प्रार्थना संध्याकाळपर्यंत ऐकली जाते त्याला खचू नको म्हणून कोण सांगतं?

सध्या मला मोनिकाची फार आठवण येते. संत ऑगस्टीनची आई, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावची. मुलगा ३५४ सालचा, अतिशय हुशार, आणि तरुणपणी मानी नावाच्या इराणी धर्मगुरूच्या पंथाच्या नादी लागलेला. ती एका बिशपांकडे गेली, माझ्या मुलाशी वाद घालून त्याला समजवा म्हणाली. त्यांनी नकार दिला. आता तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, वाचता वाचता त्याचं त्यालाच उमजेल, तू प्रार्थना करत राहा, असं ते म्हणाले. ती रडत हटूनच बसली तेव्हा ते जरा चिडले आणि बोलून गेले, की जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. चिडून दिलेला असा आशीर्वाद मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

त्याच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ऑगस्टीन रोमला जायला निघाला आणि ती त्याला सोडेना. मित्राला निरोप द्यायचाय, अशी थाप मारून त्याने तिला बंदराजवळच्या सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात थांबवलं. ती रात्रभर तिथे तो जाऊ नये म्हणून प्रार्थना करत राहिली, आणि तेवढ्यात त्याचं जहाज निघून गेलं. सकाळी तिचा केवढा आकांत झाला असेल! पण इटलीत गेला म्हणूनच तो मिलानला पोचला, तिथले बिशप आंब्रोस यांची प्रवचनं त्याच्या कानावर पडली, आणि ३८७च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यानेच लिहिलं, की आईने त्या रात्री जे मागितलं ते देवाने दिलं नाही, कारण ती वर्षानुवर्षं जे मागत होती ते त्याला द्यायचं होतं. मोनिका त्याच वर्षी ओस्तियाला वारली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. तोवर ती मुलाच्या पाठोपाठ समुद्र ओलांडून मिलानला आली होती. मला ही बाई जरा चिवटच वाटते, आई, तुझ्यासारखी.

हे मी हमी म्हणून सांगत नाही. ज्यांची मुलं परतली नाहीत अशा आयाही पुष्कळ असतील, त्यांच्यावर कोणी लिहिलं नाही इतकंच. दादाचं काय होईल, मला माहीत नाही.

आणि प्रार्थना लांबलचक किंवा सुंदर असायला हवी, असं कुठे आहे? लूकच्या त्याच अध्यायात पुढे जकातदार आहे, त्याची सगळी प्रार्थना एका ओळीची. रागाने केलेलीही चालते. ८८वं स्तोत्र काढून बघा बाबा, अखेरपर्यंत तक्रारच, आणि ते अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमचं "ऐकायचं असतं तर ऐकलं असतं" हे मला सांगण्याऐवजी देवालाच सांगा, तीही प्रार्थनाच झाली.

नाव घेववत नसेल तर काही दिवस घेऊ नका. अमालेकाशी लढाई चालू होती तेव्हा मोशेने हात वर धरले की इस्राएलाची सरशी व्हायची, पण त्याचे हात जड झाले. मग अहरोन आणि हूर दोन बाजूंनी उभे राहिले आणि सूर्य मावळेपर्यंत त्यांनी ते धरून ठेवले. हात दुखले म्हणून मोशेला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. रोज तुमच्या प्रार्थनेच्या वेळी मी फोन करीन. दादाचं नाव मी घेईन, तुम्ही दोघं फक्त आमेन म्हणा. पाळकसाहेबांच्या घरीही सांगून ठेवा. त्यांना सगळं माहीत आहेच, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

बाबा, एक गोष्ट राहिली, ती तुम्हाला आवडणार नाही. दादाची उधारी फेडणं आता बंद करा. तुम्ही पेन्शनमधून पैसे देता आणि तो पुन्हा नव्याने उधार करतो. प्रार्थना सोडायची नाही आणि पैसे द्यायचे नाहीत, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. तो पुण्याला यायला तयार झाला तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करण्याचं मी बघते, गाडीभाडं आणि तिथला खर्चही मीच करीन. तयार नसेल तर या महिन्यात मी येते आणि त्याच्याशी बोलते. तुम्ही मध्ये पडू नका.

आईच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, चिठ्ठीचा फोटो पाठवा. मी आज संध्याकाळपासूनच फोन करते.

तुमची,
लेक