चार दिवसात खोली खाली कर म्हणजे काय?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

लोटे एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवरची माणसं कमी केली की पहिली बोंब घरभाड्याची होते, आणि खेड-चिपळूणला खोली घेऊन राहणारा माणूस काय करतो तर लाजेने मालकाचा फोनच उचलत नाही. मग दोन महिने थकले की मालक म्हणतो चार दिवसात खोली खाली कर नाहीतर लाईट तोडतो, आणि हा खरंच बायकापोरं घेऊन गावची एसटी पकडतो. अहो, असं काढता येत नाही हो! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५ बघा. थकबाकीची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर ९० दिवस दावाच लावता येत नाही, आणि दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसात थकबाकी १५ टक्के व्याजासकट कोर्टात भरली नि पुढचं भाडं चालू ठेवलं तर त्या कारणाने घर जात नाही. लाईट-पाणी तोडायला कलम २९ ने मनाई आहे.

पण हे भाडेकरूला. हल्ली जो तो ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करतो, म्हणजे भाडेकरू न होता नुसती ठरल्या मुदतीपुरती राहायची परवानगी, त्यात हे संरक्षण नाही, मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मागू शकतो, वर घर सोडेपर्यंत दुप्पट भाडं लागतं. तरीसुद्धा स्वतःच सामान बाहेर फेकायचा हक्क त्याला नाहीच.

म्हणून नोकरी गेली त्याच आठवड्यात मालकाला सांगा, जमतील ते हजार-दोन हजार जीपे करा, बोलणं व्हॉट्सअॅपवर ठेवा. मालक म्हणजे पण पुष्कळदा एखादी म्हातारीच असते, तिचं औषधपाणी त्याच भाड्यावर, तिला अंधारात ठेवून कसं चालेल. वकिलाला पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती आहे, फोन १५१००. बायकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, पण हे लोट्याच्या नाक्यावर कुणी बोर्ड लावून सांगेल तर शपथ.

एप्रिल २०२० मध्ये गृहनिर्माण विभागाने मालकांना तीन महिने भाडं मागू नका, कुणाला काढू नका असं सांगितलं होतं. एकट्यादुकट्याची नोकरी गेली तर सरकार कशाला बघतंय? तिथे आपल्या वाड्यांची मुंबई मंडळं, म्हणजे मुंबईला गेलेल्या वाडीकरांची मंडळं, आहेत ना, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी काढतात तशी थोडी यालाही काढावी, दोन महिन्यांचं भाडं बिनव्याजी, परत करायच्या बोलीवर, आणि पैसे त्या माणसाच्या हातात न देता थेट मालकाच्या खात्यात टाकावेत म्हणजे वार्षिक सभेत भांडणं नकोत.

एक वाचक, चिपळूण