आधी चष्मा, मग आरसा

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

हे सगळं दुकानात बोलता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण तिथे बाकावर नंबर लावून चार जण बसलेले, तुमची कात्री चालू आणि माझी मान खाली. त्या अवस्थेत माणूस "थोडं बारीक करा" यापलीकडे काही बोलत नाही. म्हणून पत्र लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. मागची बाजू न बघताच खुर्चीतून उठून जाणारी गिऱ्हाइकं गावोगावच्या दुकानांत रोज येत असतील. त्यांच्याही हाती हे पडावं.

मी विज्ञान शिकवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आठवीला प्रकाशाचं परावर्तन शिकवताना, एका आरशावरून परतलेला प्रकाश दुसऱ्या आरशावरून पुन्हा कसा परततो हे सांगायला मी दरवर्षी सलूनचंच उदाहरण देतो. समोर एक आरसा, मागे दुसरा हातात धरलेला, आणि आपल्याला आपलीच मान दिसते. फळ्यावर आकृती काढतो, किरणांना बाण काढतो. चौदा वर्षं हे शिकवलं, आणि त्यातली शेवटची तीन वर्षं मी स्वतः तो दुसरा आरसा टाळत होतो.

टाळणं सोपं होतं. कटिंगला बसताना चष्मा काढावा लागतो. माझा नंबर उणे साडेचार. चष्मा काढला की समोर माझा चेहराच धूसर दिसतो, तिथे मागचं काय दिसणार! कुणी आरसा धरला की मी नुसती मान हलवायचो, "झकास" म्हणायचो आणि उठायचो. दोन-तीन दुकानं बदलली. पुढे पुढे तर आरसा धरणंच बंद झालं. त्यांचं चुकलं असं मला म्हणायचं नाही, गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणूनच करत असणार ते. पण त्या न धरलेल्या आरशाचा अर्थ मला कळायचा आणि घरी पोचेपर्यंत मनात घोळत राहायचा.

शेंडीच्या जागी केस विरळ होत चालल्याचं मला डोळ्यांआधी कातडीनं सांगितलं होतं. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. एका जूनमध्ये शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना पहिला थेंब थेट टाळूवर पडला, गार, टोचल्यासारखा. आधी कधी असा लागला नव्हता. मग धाकट्या भावाच्या लग्नातला फोटो आला. मी अंतरपाट धरून उभा, आणि फोटोग्राफरनं सज्जातून टिपलेलं. त्या फोटोत नवरा-नवरी सोडून मला माझं डोकंच दिसलं. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो.

पुढच्या तीन वर्षांत काय काय केलं ते तुम्हाला अर्धंच सांगितलंय. शिक्षकांच्या बैठकीत शेवटच्या रांगेत बसायला लागलो, म्हणजे मागे कुणी नको. पंख्याखालची जागा सोडली. फळ्यावर लिहिताना तिरका उभा राहू लागलो, त्यामुळे अक्षर बिघडलं, आणि माझ्या अक्षराचा मला फार अभिमान होता. वरचे केस वाढवले, मागे वळवून त्या जागेवर आणून बसवले. पुण्यातल्या एका ठिकाणी पॅकेज घेतलं. तेल, शाम्पू, गोळ्या असं सगळं पिशवी भरून दिलं. तिथल्या माणसानं माझ्या डोक्याला हात लावून पाहिलंसुद्धा नाही, फोनवर फोटो मागवला आणि किंमत सांगितली. सहा महिने इमानेइतबारे सगळं लावलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच, त्याहून जास्त त्या सहा महिन्यांच्या आशेचं आहे.

आणि मग तुमच्याकडे आलो. गुरुवारची दुपार होती, पाऊस होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. संत सेना महाराजांच्या तसबिरीला ताजा हार होता आणि तुम्ही फडक्यानं आरसे पुसत होतात. मी बसलो, चष्मा काढून समोरच्या फळीवर ठेवला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "बाजूचं बारीक करा, वरचं-मागचं राहू द्या."

तुम्ही कात्री उचलली नाही. दोन्ही हातांची बोटं केसांत घातलीत, भोवऱ्यापाशी आलात, केस बाजूला करून ट्यूबलाइटखाली बघितलंत. मग विचारलंत, "सर, मागचं बघितलंय का कधी नीट?" मी गप्प. तुम्ही फळीवरचा चष्मा उचललात, त्याच्या काचा स्वतःच्या शर्टाला पुसल्यात आणि माझ्या हातात दिलात. "आधी चष्मा घाला. मग आरसा दाखवतो."

लाल प्लास्टिकच्या कडेचा तो आरसा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. तुम्ही तो धरलात आणि धरून राहिलात. डावीकडून दाखवलंत, उजवीकडून, थोडा वरून. "घाई नाही, बघा." मला वाटलं होतं मोकळं मैदान असेल. तसं नव्हतं. पुरीएवढी जागा, भोवऱ्याभोवती, आणि तिच्यात केस होते. बारीक, फिकट, लव असावी तसे. तुम्ही बोटानं दाखवलंत, "ही चाई नाही. चाई पडली की एकदम गोल, गुळगुळीत चकती होते. हे केस बारीक झालेत, पातळ झालेत. तुम्ही समजताय तेवढं हे वाईट नाही, आणि लोकांना वाटेल तेवढं लपलेलंही नाही." इतकं सरळ माझ्याशी या विषयावर तोवर कुणी बोललं नव्हतं. घरच्यांनी मायेपोटी विषय टाळला, विकणाऱ्यांनी भीती घातली. तुम्ही नुसतं जे आहे ते दाखवलंत.

त्यानंतरचा पाऊण तास मी विद्यार्थी होतो. केस लांब ठेवले की झाकलं जाईल हा माझा हिशेब तुम्ही मोडून काढलात. पातळ केस लांब झाला की स्वतःच्या वजनानं खाली पडतो, भोवऱ्यापाशी भांग पडल्यासारखी फट पडते आणि कातडी जास्त उघडी पडते. शिवाय बाजूचे केस दाट आणि फुगलेले असले तर वरची जागा तुलनेनं आणखी मोकळी वाटते. म्हणून आधी बाजू उतरवल्यात. खाली दोन नंबरची मशीन, म्हणजे सहा मिलिमीटर, त्यावर तीन नंबर, आणि वर कंगव्यावर कात्री चालवत असं मिसळवत नेलंत की कुठे रेघ दिसू नये. वरचे केस दीड-दोन इंचांवर आणलेत. भोवऱ्याजवळ कात्री आडवी लावलीच नाहीत. उभी धरून केसांची टोकं तेवढी कमी-जास्त केलीत, म्हणजे केस एकमेकांच्या आधारानं उभे राहतात. विरळणीची दातेरी कात्री तुम्ही त्या जागी कधीच वापरत नाही, "जिथे मुळात कमी आहेत तिथून आणखी काय काढायचं?" हे तुमचं म्हणणं मी पुढे दोघांना सांगितलंय. आणि भोवऱ्याचं तुम्ही जे सांगितलंत ते तर मी कधी ऐकलंच नव्हतं. भोवरा ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं केस बसू द्यायचे. उलटे वळवले की ते तासाभरात परत आपल्या वाटेला लागतात आणि मधली जागा उघडी पडते. लहानपणी आजी भोवरे मोजून लग्नं किती होणार ते सांगायची. भोवऱ्याकडे तुमच्या नजरेनं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटचा हात तुम्ही केस पूर्ण वाळवून फिरवलात. ओल्या केसांचा अंदाज खरा नसतो, ते चिकटतात आणि आहेत त्याहून कमी दिसतात, असं म्हणालात. ड्रायर मंद ठेवून मागून पुढे वारा सोडलात, बोटांनी मुळाशी थोडे उचललेत. मी जेल लावायचो हे ऐकून तुम्ही मान हलवलीत. जेलनं केसांचे झुपके होतात आणि झुपक्यांच्या मधून कातडी चमकते. त्याऐवजी तुम्ही मॅट क्ले, म्हणजे केस बसवायची न चमकणारी क्रीम, हरभऱ्याच्या डाळीएवढी बोटावर घेतलीत, तळव्यावर पूर्ण विरवलीत आणि अगदी हलक्या हातानं फिरवलीत. दादा, हे तर मीच शिकवतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून नियमित परावर्तन, खडबडीत पृष्ठभागावरून अनियमित. चकाकणारी वस्तू नजर ओढून घेते, खरखरीत ओढत नाही. पुस्तकातला तो धडा माझ्या डोक्यावर लागू होतो हे तुम्ही दाखवेपर्यंत सुचलं नव्हतं. सकाळचं तेल तेव्हापासून बंद केलं. लावायचंच तर रात्री, आणि सकाळी धुवून टाकायचं.

पैसे तुम्ही नेहमीच्या कटिंगचेच घेतलेत. क्ले विकत घेतो म्हटलं तर छोट्या डबीत काढून दिलीत, "आधी महिनाभर लावून बघा, जमलं तर घ्या." आणि दुकानातून निघताना एक वाक्य बोललात, त्यासाठी मी तुमचा जास्त ऋणी आहे. "मी केस कापतो, औषध देत नाही. एकदा कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. तेलाबिलात पैसे घालू नका."

गेलो. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं, रक्त तपासलं आणि चित्रांचा तक्ता समोर ठेवला. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडलेली आणि नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारलेली ती पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्यांची वर्गवारी. माझी पायरी तिसरी, भोवऱ्याची. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनतं, आणि ज्यांच्या केसांच्या मुळांना आनुवंशिकतेनं त्याचा त्रास होतो त्यांची मुळं हळूहळू लहान होत जातात. केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. कानाच्या वरची आणि मानेकडची मुळं त्याला फारशी दाद देत नाहीत, म्हणून ती झालर शेवटपर्यंत टिकते. तुम्ही बोटांनी जे चाचपलं होतंत तेच त्यांनी भिंगातून सांगितलं. हेल्मेटनं केस जातात का, हेही विचारून घेतलं. असं टक्कल हेल्मेटनं पडत नाही. मी एवढी वर्षं हेल्मेटला दोष देत होतो आणि कधीकधी तर न घालताच जात होतो, याची आता भीती वाटते.

त्यांनी मिनॉक्सिडिल दिलं. मुळात ते रक्तदाबाचं औषध. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तिथून डोक्याला लावायचं द्रावण निघालं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. निकाल कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवलं की मिळालेलं परत जातं, हेही त्यांनी आधीच सांगितलं. पाचव्या आठवड्यात गळती वाढली. सकाळी बाथरूमच्या जाळीवर केस बघून मी घाबरलो आणि डॉक्टरांच्या आधी तुमच्या दुकानात आलो. तुम्ही हातातलं काम थांबवून विचारलंत, "डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?" सुरुवातीला जुने केस गळतील असं म्हणाल्या होत्या. "मग गळू द्यात. फोन करून विचारा, पण मनानं बंद करू नका." तुमच्या गल्ल्याशेजारी उभं राहूनच मी फोन केला. त्याही तेच म्हणाल्या.

आज दीड वर्ष झालं. भोवऱ्यापाशी केस पूर्वीसारखे दाट झालेले नाहीत. थोडे जाड झालेत, आणि पुरी होती ती मोठी झालेली नाही. बाकीचं काम तुमच्या कात्रीचं आहे. दर तीन आठवड्यांनी येतो, कारण केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात आणि बाजू फुगली की सगळा तोल जातो. उन्हातून जाताना टोपी घालतो, तीही तुमचीच सूचना. आणि फळ्याकडे सरळ तोंड करून, मुलांकडे पूर्ण पाठ करून लिहितो. अक्षर परत जागेवर आलंय.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, हे असं किती दिवस चालेल. दुसऱ्या कुणी धीर दिला असता. तुम्ही कंगवा पुसत म्हणालात, "एक दिवस असा येईल सर, की ठेवण्यापेक्षा उतरवलेलं चांगलं दिसेल. तेव्हा सगळीकडे एक नंबरची मशीन मारू, दाढी थोडी राखू. तो दिवस कधी ते मी सांगेन. तुम्ही रोज आरशात शोधत बसू नका." ते "मी सांगेन" ऐकल्यापासून मी खरंच शोधत बसत नाही. ती काळजी मी तुमच्या दुकानात ठेवून आलोय.

आता एक विनंती. आमचे बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. मला आठवतं तेव्हापासून ते डाव्या कानावरची लांब बट खोबरेल लावून टाळूवरून उजवीकडे नेतात. स्कूटरवर मागे बसले की वारा सुटल्यावर एका हातानं ती दाबून धरायचे, मला दुसऱ्या हातानं. माझं लहानपण त्या एका हाताच्या आधारानं गेलं. घरात या बटेबद्दल कुणी कधी बोललं नाही. परवा रात्री जेवण झाल्यावर ते माझ्या मागे उभे राहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "तुझा तो माणूस माझेही कापेल का रे?"

येत्या गुरुवारी चारनंतर त्यांना घेऊन येतो. दुपारी गर्दी नसते म्हणून ती वेळ. ते कमी बोलतात, त्यांना थोडं कमी ऐकू येतं, डाव्या बाजूनं बोला. चष्मा काढून ते खिशात ठेवतात, फळीवर ठेवत नाहीत. तेवढा मागून घ्या.

आपला,
गुरुवारचा मास्तर