हॉस्पिटलच्या सोशल वर्कर ताईंना जाहीर पत्र

प्रिय ताई,

पेढ्यांचा बॉक्स तुम्ही परत केलात. पेशंटकडून काही घेत नाही म्हणालात, आणि तो बॉक्स शेवटी आमच्या वॉर्डातल्या शेजारणीच्या नातवंडांनी संपवला. म्हणून हे पत्र. जाहीर लिहितेय, कारण वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढायच्या ऑपरेशनचे पैसे विम्यातून कसे मागायचे, हे तुम्ही मला समजावून सांगितलंत. ते माझ्यासारख्या बऱ्याच जणींना कोणी सांगत नाही, आणि त्या खर्चाच्या लाखांच्या आकड्याकडे बघून गप्प बसतात.

ज्यांना माझी गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट एक इंच. बेरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं ऑपरेशन झालं आणि पुढे ते ६६ वर आलं. शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, जिना चढताना धाप लागेना. सगळ्यांनी कौतुक केलं. पण वर्षानुवर्षं ताणलेली कातडी काही मागे जात नाही, तिच्यातला ताण संपलेला असतो. पोटाची घडी पार मांड्यांवर लोंबायची. ‘जिमला जा, आवळून येईल,’ असं सांगणारे नातेवाईक खूप भेटले. व्यायामानं स्नायू घट्ट होतात, कातडी नाही, हे मला सर्जननी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. नातेवाइकांना कोण सांगणार!

माझं पोळीभाजी केंद्र आहे. सकाळी सहापासून तव्यासमोर उभी. उन्हाळ्यात त्या घडीखाली घाम साठायचा, परकराची नाडी नेमकी तिथेच काचायची. कातडी लाल व्हायची, सोलायची, वास यायचा. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून घडीत घालायच्या आणि दुपारी बदलायच्या, हा माझा रोजचा उद्योग. मलम लावलं की पंधरवडा बरं, मग पुन्हा तेच. एकदा तर सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आत जंतुसंसर्ग होऊन ताप चढला आणि सलाइनमधून अँटिबायोटिक घ्यायला ॲडमिट व्हावं लागलं. गिऱ्हाईक मात्र म्हणायचं, ‘काकू, किती बारीक झालात!’

मी आधी एका खासगी क्लिनिकमध्ये विचारलं होतं. पोट आणि दंड मिळून साडेतीन लाखांचं पॅकेज, वर १८ टक्के जीएसटी. ह्यांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे. तिच्यातून बेरिॲट्रिकचे पैसे मिळाले होते, तेव्हा हेही मिळतील असं आम्ही धरून चाललो. कॅशलेसचा अर्ज गेला आणि दोन ओळींचं उत्तर आलं: कॉस्मेटिक सर्जरी, पॉलिसीत बसत नाही. ते पत्र घेऊन मी तुमच्या टेबलाशी आले.

ताई, तुमचं पहिलं वाक्य ‘नाही’ असं होतं आणि त्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त आभारी आहे. धर्मादाय हॉस्पिटलात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, हे ऐकून मी मोठ्या आशेनं आले होते. तुम्ही उत्पन्न विचारलंत. मोफतसाठी वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत, सवलतीसाठी ३ लाख ६० हजारांच्या आत. ह्यांचा पगार आणि माझं केंद्र धरून आम्ही त्याच्या वर जातो. ‘तहसीलदाराकडे दाखल्यासाठी खेटे घालू नका, त्यात बसणार नाही,’ म्हणालात. आधी तीन ठिकाणी ‘बघू, करू’ ऐकून आले होते. त्या स्पष्ट उत्तरानं माझे कितीतरी दिवस वाचले.

मग तुम्ही पॉलिसीची पुस्तिका मागितलीत. ती मी कधी उघडलीही नव्हती. विमा नियामकानं २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी वगळलेल्या गोष्टींची भाषा एकसारखी करून दिली आहे, त्यामुळे कुठलं कलम काढायचं ते तुम्हाला पाठ होतं. सहावं कलम लठ्ठपणाचं. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा) ४० किंवा जास्त असला तर, किंवा ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार असला तर बेरिॲट्रिक मिळू शकतं, म्हणून माझं मिळालं होतं. आठवं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. विमा कंपनीनं पत्रात त्याचा फक्त पहिला अर्धा भाग उतरवला होता. तुम्ही पेन्सिलनं उरलेल्या भागाखाली रेघ मारलीत: अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती असेल, किंवा तब्येतीला असलेला थेट आणि तात्काळ धोका काढण्यासाठी उपचार गरजेचा असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं असेल, तर हे वगळणं लागू होत नाही.

‘धोका आहे हे तुम्हाला माहितीय, मला दिसतंय, पण कागदावर कुठंय?’ असं तुम्ही विचारलंत. खरंच कुठेच नव्हतं. मलमांच्या चिठ्ठ्या पोळपाटाखालच्या खणात, काहींवर तेलाचे डाग. ॲडमिट झाले होते त्याची डिस्चार्ज समरी मी हरवली होती. ती त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज केला की परत मिळते हेही तुमच्याकडूनच कळलं.

फोटोंची मला फार लाज वाटत होती. समोरून, बाजूनं, घडी खाली सोडून आणि घडी वर उचलून, तारखेसह. तुम्ही सिस्टरना सांगून पडद्यामागे काढून घेतलेत, माझ्याच मोबाइलवर, आणि फोन लगेच माझ्या हातात दिलात. त्वचेच्या डॉक्टरांकडे तुम्ही मला नुसतं पाठवलं नाहीत, काय लिहून मागायचं तेही सांगितलंत: पुरळ कुठे, किती महिने, कुठली मलमं आणि गोळ्या झाल्या, तरी परत येतं का. सर्जनच्या पत्रात ‘टमी टक’ नको, होणार होती ती ‘पॅनिक्युलेक्टॉमी’. लोंबणारा पदर तेवढा काढायचा, पोटाचे स्नायू आवळायचे नाहीत, कंबरेला आकार द्यायचा नाही. सर्जन हसून म्हणाले, ‘कोणी शिकवलं?’ मी तुमचं नाव सांगून टाकलं.

दंडांचा हट्टही तुम्हीच सोडवलात. मला वाटत होतं, एकदाच भूल, एकदाच सगळं उरकून घेऊ. तुम्ही म्हणालात, दंडाखाली काही चिघळत नाही, तो खर्च विम्यात जाणार नाही, आणि एका बिलात दोन्ही घातलंत तर पोटाचंही कॉस्मेटिक ठरवतील. दंड अजून लोंबतात. मी कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतलेत.

विमा कंपनीच्या तक्रार विभागाला आपण फेरविचाराचा अर्ज केला. महिन्यात उत्तर नाही आलं तर नारायण पेठेत विमा लोकपालांचं ऑफिस आहे, तिथे फी लागत नाही आणि वकील चालतच नाही, हे ऐकून ह्यांचा जीव भांड्यात पडला. तिथवर जावं लागलं नाही. दरम्यान सर्जननी हिमोग्लोबिन कमी म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं (बेरिॲट्रिकनंतर लोह कमी पडतं, गोळ्या चुकवायच्या नसतात), आणि वजन सहा महिने एका जागी राहू दे म्हणाले. तो वेळ माझ्या पथ्यावर पडला, कारण तेवढ्यात माझा भिशीचा नंबर लागला.

आणि खोली! प्रायव्हेट खोलीसाठी ह्यांनी जवळजवळ होकार दिला होता. आमच्यासारख्या बऱ्याच पॉलिसींत खोलीच्या भाड्याची मर्यादा असते आणि त्यापेक्षा महाग खोली घेतली तर फक्त वरचा फरक नाही, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, अशा खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते, औषधं, तपासण्या वगैरे तेवढं वाचतं. तुम्ही कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवलात आणि आम्ही मुकाट दोघींच्या खोलीत गेलो. एकूण बिल पावणेदोन लाखांच्या घरात झालं. कंपनीनं १ लाख ३८ हजार दिले. हातमोजे, पोटाचा पट्टा वगैरे मिळालं नाही. उरलेले भिशीतून भरले. मंगळसूत्र गहाण ठेवायचं आम्ही ठरवलंच होतं. ते गळ्यात राहिलं.

तब्येतीचं सांगायचं तर जखमेतल्या नळ्या निघाल्यावर एका कोपऱ्यात पाणी साठलं होतं, ते सर्जननी सुईनं काढलं. पट्टा अजून बांधते. केंद्रावर परत उभी आहे, पण जड डबे पुतण्या उचलतो. या उन्हाळ्यात मलमाची ट्यूब विकत घ्यावी लागलेली नाही.

आता एक काम. आमच्याकडे डबा नेणाऱ्या एक बाई पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतील. चाळीसएक किलो कमी झाल्यात, घडीखाली माझ्यासारखंच. फोटो, त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि पॉलिसीची पूर्ण पुस्तिका घेऊन जा, असं मी सांगितलंय. त्यांचं उत्पन्न कमी आहे, सवलतीत बसतील असं वाटतं, दाखला काढायला दिलाय. खोलीच्या भाड्याचं गणित मात्र तुम्हीच सांगा, मला ते अजून नीट समजावता येत नाही.

तुमची,
पोळीभाजीवाली काकू, पुणे