कुत्र्याचे औषध कोणत्या वाटेने द्यायचे?

महोदय,

दिवाळीत फटाके सुरू होतात, कुत्रा पलंगाखाली थरथरत बसतो आणि मग घरात गोळीची शोधाशोध होते. गोळी देऊन अर्धा तास झाला तरी फरक दिसत नाही, म्हणून आणखी अर्धी दिली जाते. मध्यरात्री त्या कुत्र्याला धड उभेही राहता येत नाही. दोष औषधाला दिला जातो, पण बहुतेक वेळा चुकलेली असते ती वेळ आणि औषध देण्याची वाट.

गिळलेली गोळी आतड्यातून शोषली जाते आणि तिथले रक्त आधी यकृतात जाते. काही औषधांचा मोठा भाग यकृत तिथेच मोडून टाकते. म्हणूनच कुत्र्याला मॉर्फिन तोंडाने देण्यात फारसा अर्थ नाही, इंजेक्शनाने मात्र ते चांगले काम करते. अ‍ॅसेप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाची गोळीही अशीच बेभरवशाची. शिवाय ती अंग ढिले करते, भीती घालवत नाही. कुत्रा गप्प पडतो, पण आतून तितकाच घाबरलेला असतो. फटाक्यांसाठी ही गोळी एकटी देऊच नये, असे आमचे ठाम मत आहे. डॉक्टरांनी ट्रॅझोडोन हे भीती कमी करणारे औषध लिहून दिले असेल तर ते पहिल्या आवाजाच्या दीड तास आधी पोटात गेले पाहिजे. घाबरल्यावर जठराची हालचाल मंदावते आणि गोळी तिथेच रेंगाळते.

तोंडाच्या अस्तरातून शोषले जाणारे औषध यकृताला वळसा घालते. युरोप-अमेरिकेत आवाजाच्या भीतीसाठी डेक्समेडेटोमिडीनची जेल याच पद्धतीने वापरतात. तिकडे राहणाऱ्या मराठी श्वानपालकांनी हे नीट पाहावे: ओठाचा कोपरा बाजूला करून सिरिंजचे टोक गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरायचे आणि जेल तिथेच सोडायची. अशा प्रकारे सुमारे 28 टक्के औषध रक्तात पोहोचते. कुत्र्याने गिळले तर ते जवळपास वाया जाते. त्यामुळे ती खाऊत मिसळायची नाही आणि दिल्यावर 15 मिनिटे खायला काही द्यायचे नाही. देणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण ती माणसाच्या कातडीतूनही शोषली जाते.

फिट आलेल्या कुत्र्याच्या तोंडात तर काहीच घालू नये. घरी फिट थांबवणारे डायझेपाम ठेवायला सांगितले असेल तर इंजेक्शनचे द्रव औषध सुई काढलेल्या सिरिंजने गुदद्वारातून देतात, साधारणपणे किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम. नेमकी मात्रा आधीच लिहून घ्यावी. सिरिंजचे टोक फार आत सारू नये, कारण गुदाशयाच्या वरच्या भागातले रक्त पुन्हा यकृताकडेच जाते. सिरिंज आधीपासून भरून ठेवणेही चुकीचे, कारण हे औषध प्लास्टिकला चिकटते आणि मात्रा कमी पडते.

वेदनाशामकांबाबत एक गैरसमज फार पसरला आहे: ‘गोळीने पोट बिघडते, इंजेक्शन द्या.’ मेलॉक्सिकॅम तोंडाने दिले तरी कुत्र्यात जवळजवळ पूर्ण शोषले जाते. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स ते रक्तातून जाऊन रोखते, म्हणून इंजेक्शन घेतले तरी व्रणाचा धोका राहतोच. खरी चूक मात्रेत होते. 10 किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी 2 मिलिग्रॅम आणि पुढे रोज 1 मिलिग्रॅम पुरते; माणसाची लहानात लहान प्रचलित गोळी 7.5 मिलिग्रॅमची असते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक तर कोणत्याच वाटेने नकोत. आजोबांच्या गुडघ्याला लावलेली डायक्लोफिनॅकची जेल कुत्र्याने चाटली, तरी ती पोटातच जाते.

भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या पथकांनाही एक सांगणे आहे. पळवून, दमवून पकडलेल्या कुत्र्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन उसळलेले असते आणि झायलाझिन हे गुंगीचे औषध त्यापुढे फिके पडते. लठ्ठ कुत्र्यात आखूड सुई चरबीतच थांबली, तर औषध संथपणे झिरपते. स्नायूतल्या इंजेक्शननंतर पिंजऱ्यावर कापड टाकून 15 मिनिटे पूर्ण शांतता द्या. पाचव्या मिनिटाला दुसरी मात्रा दिली, तर दोन्हींचा परिणाम एकदम होऊन हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावतात.

चिठ्ठीवर औषधाच्या नावासोबत वाट, वेळ आणि उपाशीपोटी की खाण्याबरोबर, हे आम्हा पशुवैद्यकांनी मराठीत लिहून द्यायला हवे. दिवाळीच्या गोळीची चाचणी मात्रा आठवडाभर आधी, घरात कुणी जागे असताना देऊन पाहावी.

– काही पशुवैद्यक, पुणे