काका, तुम्ही फोन फिरवलेत म्हणून

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

या पत्रात तुमचं नाव नाही. ‘नाव छापलंस तर पुढच्या वेळी फोन उचलणार नाही’ असा दम तुम्ही भरला होता, आणि मला तुमच्या फोनची गरज अजून संपलेली नाही. त्यामुळे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: काळा घोडा, फोर्ट, कुलाबा या पट्ट्यातल्या गॅलऱ्यांमध्ये हयातभर दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर चढवणारा आणि उतरवणारा एक माणूस आहे, त्याला हे पत्र.

दिवाळी अंकासाठी आजच्या कलाजगतात काम करणाऱ्यांच्या मुलाखती करायच्या ठरल्या, तेव्हा माझी यादी कुणीही केली असती तशीच होती. चित्रकार, क्युरेटर, समीक्षक, एखादा संग्राहक. तुम्ही ती चष्मा कपाळावर चढवून वाचलीत आणि म्हणालात, ‘ही सगळी बोलणारी माणसं आहेत. यांना कोणीही विचारतं.’ मग पेन मागून घेतलंत आणि माझ्याच कागदाच्या पाठीमागे दुसरी यादी लिहिलीत: फ्रेमवाला, पॅकिंगवाला, कागद दुरुस्त करणाऱ्या बाई, कॅटलॉगचे फोटो काढणारा, जेजेत (सर जे. जे. कला महाविद्यालयात) मॉडेल म्हणून बसणाऱ्या ताई, गॅलरीचं अकाउंट बघणारे साहेब. प्रत्येकापुढे नंबर. आणि प्रत्येकाला आधी तुमचा फोन. ‘पोरगी येईल, चांगली आहे, वेळ खाईल, पण चहा पाजा.’ या एका वाक्यावर माझी सगळी मुलाखतमाला उभी आहे.

पहिली गोष्ट तुम्ही केलीत ती म्हणजे मला उद्घाटनाला बोलावलं नाहीत. आदल्या रात्री बोलावलंत. मुंबईत प्रदर्शनं बघत मी मोठी झाले, तरी भिंत रिकामी असताना गॅलरीत कधी शिरले नव्हते. चित्रं भिंतीला टेकवून खाली उभी, त्यांच्या बुडाशी थर्माकोलचे तुकडे, मधोमध घोडा (शिडी), आणि तुम्ही सुतळी ताणून धरलेली. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण सत्तावन्न ते साठ इंचांवर यायला हवा, म्हणजे उभ्या माणसाची नजर सरळ तिथे पडते, हे जगभरच्या संग्रहालयांतलं गणित तुम्ही शर्टाच्या दुसऱ्या बटणावरून मोजत होतात. हुकापासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, तार ताणल्यावर ती किती वर येते ते, मग वजाबाकी, मग पेन्सिलीची बारीक खूण. लेझर लेव्हल कोपऱ्यात पडून होती. तुमच्या हाताखालचा मुलगा ती लावायला गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘लाव, पण ही फरशी उतरती आहे. लेव्हल बरोबर दाखवेल आणि चित्र वाकडं दिसेल.’ चित्र लावून झाल्यावर तुम्ही दारापर्यंत मागे गेलात, डोळे बारीक केलेत, आणि परत येऊन उजवा कोपरा नखाएवढा खाली घेतलात.

त्या रात्री चित्रकार तिथेच होते. दोन चित्रांमधलं अंतर किती ठेवायचं यावरून तुमची आणि त्यांची जी हुज्जत झाली, तिच्याएवढं चांगलं कलासमीक्षण मी अलीकडे वाचलेलं नाही. ते म्हणत होते जवळ हवीत, एकाच मालिकेतली आहेत. तुम्ही म्हणत होतात, ‘हे पिवळं शेजारच्याला खातंय.’ शेवटी पिवळं चित्र एकटं पलीकडच्या भिंतीवर गेलं. उद्घाटनाच्या दिवशी त्या ‘धाडसी मांडणी’चं कौतुक क्युरेटरच्या वाट्याला आलं. तुम्ही मागे वडापाव खात होतात. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही भुवई उडवलीत, बस्स.

फ्रेमवाल्यांकडे तुम्ही पाठवलंत ते ऐन पावसाळ्यात, आणि मुद्दाम. मुंबईच्या हवेत कागदाचं काय होतं ते कळायला जुलैसारखा महिना नाही. काच कागदाला थेट चिकटली की आत दमटपणा धरतो, बुरशीचे ठिपके पडतात, म्हणून मधे माउंट, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापलेला पुठ्ठा. माउंटही ॲसिड-फ्री हवा, नाहीतर काही वर्षांत खिडकीच्या कडेला तपकिरी रेघ उमटते आणि ती जात नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. बाहेरच्या बाजूच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर लाखाचं चित्र लावणारी घरं त्यांनी मला नावानिशी सांगितली (ती मी लिहिणार नाही). आणि मग त्यांनीच आठवण दिली की मुंबईतल्या आधुनिक चित्रकलेचा धंदा मुळात फ्रेमच्या दुकानातून निघाला. केकू गांधी 1941 सालापासून फ्रेमच्या पट्ट्या बनवत होते, केमिकल मोल्डिंग ही त्यांची कंपनी, तिचंच पुढे झालं केमोल्ड. त्यांच्या दुकानात हुसेन, आरा यांच्या पिढीची चित्रं लागायची. गॅलरी म्हणून केमोल्ड जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर सुरू झाली ती 1963 मध्ये. म्हणजे आधी चौकट आणि मग चित्र, असं फ्रेमवाले म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले.

कागद आणि कॅनव्हास दुरुस्त करणाऱ्या बाईंबद्दल तुमची सूचना होती: ‘त्यांचे हात चालू असताना बस. समोरासमोर बसलीस तर इंग्रजीत बोलतील.’ अगदी तसंच झालं. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून त्या एका तैलचित्रावरची काजळी काढत होत्या. बोळा जिभेला लावायचा, रंगावर हळूच फिरवायचा, काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. थुंकी! मला वाटलं चेष्टा करतायत. पण जगातल्या नावाजलेल्या संग्रहालयांतही लाळेने सफाई करतात. तिच्यातली विकरं (एन्झाइम) मळ सोडवतात आणि रंगाला धक्का लागत नाही. रोजच्या कामाला सकाळी कॉफी पिऊन चालत नाही, असंही त्या म्हणाल्या. मग बोळ्यांच्या ढिगाकडे बघत त्यांनी त्यांच्या कामाचा नियम सांगितला. मी जे काही करीन ते पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला काढता आलं पाहिजे. उडालेल्या जागी भरलेला रंग मूळ रंगात मिसळता कामा नये. चाळीस वर्षांनी कुणी माझं काम पुसून टाकलं तर ते यशच, असं म्हणणारी माणसं कलाजगतात फार नसावीत.

पॅकिंगवाल्यांकडे मी थोडाच वेळ होते, कारण ट्रक यायचा होता. तरी बबल-रॅपचे फुगे रंगाकडे न ठेवता बाहेर ठेवायचे (नाहीतर गोल गोल ठसे उमटतात), परदेशी जाणारी पेटी सबंध लाकडाची असेल तर ते लाकूड 56 अंशांना 30 मिनिटं तापवल्याचा शिक्का हवा, आणि पेटी पोचली तरी दिवसभर बंदच ठेवायची, म्हणजे आतली हवा बाहेरच्या हवेशी जुळते, एवढं त्यांनी दोरी आवळता आवळता शिकवलं.

जेजेतल्या ताईंच्या बाबतीत मात्र तुम्ही फोन केला नाहीत. ‘मी सांगणार नाही, त्यांना वाटलं तर त्या बोलतील,’ म्हणालात आणि महिनाभर मला ताटकळत ठेवलंत. त्या बोलल्या. नाव, फोटो, रेकॉर्डिंग काही नाही या अटीवर. त्यांचं काय छापायचं ते त्यांनीच ठरवलं आणि बाकीचं माझ्यापाशी राहील. असा धीर धरायला मला संपादकांनी शिकवलेलं नाही.

आणि पैशांचं. ते तर तुमच्याशिवाय कुणी बोललंच नसतं. 2025 च्या सप्टेंबरात चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं 1970 सालचं चित्र लिलावात 67 कोटींवर गेलं, तेव्हा मी तुम्हाला बातमी पाठवली. तुमचं उत्तर आलं: ‘वजन तेवढंच असणार. खिळाही तोच.’ मी हसले, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही मला अकाउंटवाल्या साहेबांकडे धाडलंत. त्यांनी कॉपीराइट कायद्याचं कलम 53-अ काढून पुढे ठेवलं. मूळ चित्र 10,000 रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा, जास्तीत जास्त 10 टक्के. कागदावर आहे. कोणी मागतं का, असं विचारल्यावर साहेबांनी चहा मागवला. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करणारा, रोलर आणि नाइफने थरावर थर चढवणारा आणि 2001 मध्ये गेलेला गायतोंडे नावाचा तो माणूस. आणि इकडे एका रात्रीत अख्खी गॅलरी लावून देणाऱ्या तुमच्या मुलांची रोजंदारी, तीही एका ठिकाणी तीन-तीन महिने थकलेली. मी तो आकडा छापू का विचारलं. मुलं नको म्हणाली, पुढचं काम जाईल. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसता खिशातला टेप बाहेर काढून परत गुंडाळलात.

अंक निघाला. लेख लोकांनी वाचले, पत्रं आली. सांगलीहून एका कलाशिक्षकांनी लिहिलं की वर्गात त्यांनी सबंध तास फक्त चित्र टांगण्यावर घेतला, मुलांनी सुतळी आणि पेन्सिल घेऊन शाळेचा व्हरांडा लावला. हे पत्र तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, ‘हुक कुठले वापरले?’ मी विचारून घेतलंय. साधे पितळी, एका खिळ्याचे. तुम्ही नाराज होणार हे माहीत आहे.

आता नवं काम. कोचीच्या बिनालेचं, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या त्या मोठ्या कलाप्रदर्शनाचं, तुम्हाला ठाऊकच आहे. 2012 मध्ये ती उभी करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू दोघेही जेजेतून शिकलेले, आणि 2025 ची आवृत्ती क्युरेट केली ती निखिल चोप्रा आणि गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेसने. 2022 मध्ये उद्घाटन 12 डिसेंबरवरून 23 वर गेलं, तेव्हा कलाकारांचं खुलं पत्र सगळ्यांनी वाचलं. ते अकरा दिवस त्या जुन्या गोदामांमध्ये वायरी ओढणाऱ्या, छत गळतं तिथे प्रोजेक्टरवर प्लास्टिक बांधणाऱ्या माणसांना अजून कोणी विचारलेलं नाही. तुमच्या ओळखीचे दोघे तिकडे कामाला होते असं मागे तुमच्या बोलण्यात आलं होतं. मल्याळम मला येत नाही, पण त्यातला एक आपल्या सावंतवाडीकडचा आहे ना?

सोमवारी रात्री तुम्ही कामात असता, म्हणून मंगळवारी दुपारी फोन करते. जेवण झाल्यावर. काकूंना नमस्कार सांगा, आणि त्यांनी दिलेल्या कोकमांची बरणी संपलीय हेही.

तुमची,
‘वेळ खाणारी पोरगी’